खांबापासून चुलीपर्यंत

शिडी भिंतीला टेकवायची नाही, हे वायरमनने आधीच बजावलं होतं. पश्चिम केनियातल्या सियाया भागात बहुतेक घरांच्या भिंती मातीच्या आणि छप्पर पत्र्याचं. भिंतीत खाच पाडून वायर न्यायची तर कोपराच ढासळायचा. म्हणून इथे एक तयार बोर्ड मिळतो. त्यावर फ्यूज, बटण, एक-दोन सॉकेट आणि दिव्याचा होल्डर आधीच बसवलेले असतात. हा बोर्ड घराच्या लाकडी खांबाला ठोकला, की आतलं वायरिंग झालं! बाहेर विजेच्या खांबावरून जाड काळी केबल आढ्यापर्यंत ओढायची आणि घरात कीपॅड बसवायचं. मीटर प्रीपेड. मोबाइलवर एम-पेसाने पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं. वायरमन काम करत होता त्या घरातली शाळकरी मुलगी आकडे मोठ्याने वाचत होती आणि आजी एकेक आकडा दाबत होती. शेवटचा आकडा दाबला तसा बल्ब लागला. कोपऱ्यात रॉकेलची टिनाची चिमणी होती. ती आजीने उचलून फळीवर ठेवली, टाकून मात्र दिली नाही.

काम तासाभराचं. पण तो तास यायला किती वर्षं लागली! ट्रान्सफॉर्मर जवळच्या बाजारपेठेत, शाळेजवळ कधीचा उभा होता. केनियाने २००७ पासून ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं आणि शाळा, दवाखाने, बाजार अशा सार्वजनिक ठिकाणांवरून वीज पसरवत नेली. पुढे केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरीन वुल्फ्रम या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या ६०० मीटरच्या वर्तुळात घरोघर जाऊन पाहिलं, तेव्हा त्या वर्तुळातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम ५ टक्के घरांत जोडणी होती. तार डोक्यावरून जात होती आणि खाली चिमणी जळत होती. जोडणीचा आकार होता ३५,००० शिलिंग. मका-कसाव्यावर आणि एखाद-दोन गुरांवर चालणाऱ्या घराला एवढी रक्कम एकदम काढणं जमणारं नव्हतं.

या संशोधकांनी सियाया आणि बुसिया या काउंटींतल्या १५० ट्रान्सफॉर्मरांभोवती प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून काही घरांना जोडणी फुकट देऊ केली, काहींना सवलतीत, काहींना मूळ दरात. फुकट म्हटल्यावर जवळपास सगळ्यांनी घेतली. १५,००० शिलिंगांना साधारण चौथा हिस्सा पुढे आला, आणि पूर्ण दराने शंभरात एखाद-दुसरंच घर. सरकारनेही २०१५ मध्ये ‘लास्ट माइल’ योजना आणून दर १५,०००वर उतरवला आणि हप्त्यांची सोय केली. जोडण्यांचा आकडा झपाट्याने वाढला. पण प्रयोगातल्या घरांकडे दीड वर्षाने परत जाऊन पाहिलं, तेव्हा मिळकत, आरोग्य, मुलांचा अभ्यास, कशातच ठळक फरक दिसला नाही. दिवे लागले, फोन घरी चार्ज होऊ लागले, काही ठिकाणी टीव्ही आला.

हा निष्कर्ष वाचून काही जण म्हणतात की मग खेड्यात वीज नेऊच नये. मला ते अजिबात पटत नाही. संध्याकाळी सातला अंधार पडणाऱ्या प्रदेशात डोळ्यांत धूर न जाता पुस्तक उघडता येणं, ही एरवी कुठल्याही तक्त्यात न बसणारी गोष्ट आहे. पण दिव्याकडून शेतीची आणि रोजगाराची अपेक्षा करायची असेल, तर तार कुठे थांबते ते बघावं लागतं.

ती थांबते गिरणीच्या अलीकडे. इथलं रोजचं अन्न उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. मका दळायला बायका डोक्यावर डबे, पोती घेऊन पोशो मिलवर येतात. मी गेले ती गिरणी डिझेलची होती. इंजिन सुरू करायला मालक पट्टा ओढायचा, ते धडधडू लागलं की रांगेतलं बोलणं बंद. डिझेल महागलं की दळणावळ महागते, इंजिन बिघडलं की बायकांना पुढच्या बाजारापर्यंत चालावं लागतं. गिरणीच्या दारात विजेचा खांब होता. मग मोटर का नाही? मालकाने वर बोट दाखवलं. “दोनच तारा आहेत ना. माझ्या मोटरला थ्री फेज लागतो.”

हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. रात्री थ्री फेज येईल म्हणून पंपापाशी जागणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, की दिव्याची वीज वेगळी आणि कामाची वीज वेगळी. सिंगल फेजवर केशकर्तनाचं यंत्र चालतं, छोटा फ्रिज चालतो. बाजारात सलून आणि थंड सोडा विकणारी टपरी लगेच उभी राहिली. गिरणी, लाकूड कापायची करवत, दुधाचा मोठा शीतकक्ष, हे सगळं तिसऱ्या फेजसाठी अडून बसतं.

आणि चूल? दिवा लागलेल्या त्याच घरामागे स्वयंपाकघर वेगळं होतं, तीन दगडांवर भांडं, खाली लाकूड. बोर्डवर शेगडी लावायचा विचारही कोणी केला नव्हता. शेगडी विकत घ्यायला पैसे हवेत, आणि युनिटचा दर सरपणाशी टक्कर देत नाही, कारण सरपण बायका आणि मुली पाठीवर आणतात आणि त्या श्रमांची किंमत कुणी धरत नाही. याउलट दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेद संपल्यानंतरच्या मोठ्या विद्युतीकरणात, क्वाझुलू-नातालच्या खेड्यांत वीज स्वयंपाकापर्यंत गेली. टेलर डिंकलमन यांच्या २०११ सालच्या अभ्यासात तिथे नोकरी-रोजगारात असलेल्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे ९ टक्के-बिंदूंनी वाढलेलं दिसतं. सरपणातून सुटलेले तास बाहेरच्या कामाला लागले. माझ्या मते विजेने गावात काय केलं याची खरी तपासणी तिथेच, चुलीपाशी होते. किती मीटर बसले यावर नाही.

दुसरी तपासणी बिघाडाची. सियाया-बुसियातल्या त्या १५० ट्रान्सफॉर्मरांपैकी जवळपास पाचवा हिस्सा अभ्यासाच्या काळात दीर्घकाळ बंद पडला, आणि असा खंड सरासरी चार महिने चालला. घरात चार महिने दिवा नसला तर चिमणी फळीवरून खाली येते. गिरणीला चार महिने वीज नसली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि मोटरीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

थ्री फेजसाठी अर्ज करणार का, असं मी गिरणीवाल्याला विचारलं. करणार, तो म्हणाला. मोटरीच्या किमतीची चौकशीही त्याने करून ठेवली होती. पण डिझेलचं इंजिन विकायला मात्र तो तयार नव्हता. मोटर आल्यावरही ते शेजारच्या खोलीत राहील, आणि दर महिन्याला एकदा सुरू करून पाहिलं जाईल.