खिंडारातले शिपाई

दिवाळीतला किल्ला बहुधा डोंगरी असतो. आपण नगरकर मात्र भुईकोटाचे शेजारी. तोच का करू नये? अडचण मापाची. आठ सेंटिमीटरचा मातीचा शिपाई म्हणजे माणसाचा विसावा हिस्सा. त्या मापाने किल्ल्याचा सुमारे ३० मीटर रुंद खंदकच दीड मीटर जागा खातो! म्हणून सबंध कोट नको, खिंडार तेवढे करा. १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंगाने तट उडवला आणि चाँदबीबीने तो रातोरात बुजवून घेतला, तो प्रसंग.

बाजारातला मावळा इथे जसाच्या तसा चालणार नाही. शिवरायांचा जन्मच १६३० चा. भगवा झेंडा काढा. साच्याची रेघ पॉलिशपेपरने घासा, पांढऱ्याचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. घाई इथेच नडते. माझे चार शिपाई तिच्यापायीच वाया गेले. रंग अ‍ॅक्रिलिक घ्या, पोस्टर कलर पुढच्या ओल्या हाताबरोबर उठतो. कपडे वाळले की पाणीदार तपकिरी फिरवून लगेच पुसा. तो चुण्यांत उरतो, तीच सावली. डोळे अगदी शेवटी.

ढिगाऱ्याला काळ्या खडीचा चुरा वापरा. आणि तलवारी थोड्याच ठेवा. बाकीच्यांच्या हातांत दगड द्या.