तिरप्या दांडीचे बळ

लाकडाच्या चार पट्ट्या घेऊन त्यांची एक चौकट करा आणि प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा ठोका. चौकट उभी धरून वरून सरळ दाबली, तर ती भार सहन करते. पण वरच्या पट्टीला बाजूने नुसते बोट लावून ढकला. चौकट लगेच कलंडते. एकही पट्टी मोडलेली नसते, केवळ कोपऱ्यांतील कोन बदललेले असतात. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी पट्टी ठोका. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी कायम राहिली, तर त्याचे कोन बदलू शकत नाहीत, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायांत सुतार तिरपी पट्टी ठोकतो, ती याचसाठी.

लाकडी घर म्हणजे अशाच चौकटींचा समूह होय. छपराचा भार खांब पेलतात, आणि शांत दिवशी तेवढे पुरते. वादळ मात्र घराला बाजूने ढकलते. भूकंपात तर जमीनच बाजूला सरकते आणि वरचे जड छप्पर जागच्या जागी राहू पाहते. मोटार एकाएकी सुरू झाली म्हणजे आपण मागे रेलतो, तसेच हे घडते. छप्पर जितके जड, तितका हा धक्का मोठा.

जपानमध्ये वादळे आणि भूकंप ही दोन्ही संकटे वरचेवर येतात, आणि तेथील बहुसंख्य स्वतंत्र घरे लाकडाची आहेत. पूर्वी तेथे मातीच्या थरावर जड कौले बसवीत. वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून हे वजन उपयोगी पडे. भूकंपात तेच घातक ठरे. 17 जानेवारी 1995 रोजी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी कोबे शहर हादरले, तेव्हा लोक झोपेत होते. त्या भूकंपात 6,400 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक जण पडलेल्या घरांखाली, विशेषतः जुन्या लाकडी घरांखाली, चिरडले गेले.

वस्तुतः भिंतीत तिरपी दांडी हवी, हे जपानचा कायदा 1950 पासून सांगत आला आहे. या दांडीला तेथे ‘सुजिकाई’ म्हणतात. ती किती भिंतींत हवी, याचा हिशेब मोठा मनोरंजक आहे. 1981 च्या नियमाप्रमाणे जड छपराच्या दुमजली घरात तळमजल्याच्या दर चौरस मीटरला 33 सेंटिमीटर बळकट भिंत हवी. तळमजला 60 चौरस मीटरचा असेल, तर 60 गुणिले 33, म्हणजे 1,980 सेंटिमीटर. साडेचार सेंटिमीटर जाडीची व नऊ सेंटिमीटर रुंदीची एक दांडी भिंतीत असेल, तर त्या भिंतीची लांबी दुप्पट धरतात. मग सुमारे दहा मीटर भिंत पुरते. मात्र एवढी भिंत लांबीच्या दिशेने हवी आणि तेवढीच रुंदीच्या दिशेनेही हवी. वाऱ्याचा हिशेब निराळा. तो वारा अडवणाऱ्या बाजूच्या क्षेत्रफळावरून करतात. दोहोंपैकी जो आकडा मोठा येईल, तो पाळावयाचा. (एप्रिल 2025 पासून हे ठरीव आकडे मागे पडून घराच्या प्रत्यक्ष वजनावरून हिशेब होऊ लागला आहे.)

कोबेने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली भिंतींच्या जागेची. उन्हासाठी दक्षिणेकडे सगळ्या खिडक्या ठेवल्या आणि बळकट भिंती उत्तरेकडे गेल्या, तर बेरीज बरोबर भरूनही घर एका बाजूला धरून ठेवल्यासारखे होते व धक्क्याने पिळले जाते. दुसरी गोष्ट सांध्यांची, आणि माझ्या मते हीच अधिक महत्त्वाची. तिरपी दांडी धक्का अडवते, पण तो नाहीसा करीत नाही. ती तो खांबाच्या टोकाकडे पोचवते, आणि मग खांब पायाच्या तुळईतून दात उपटावा तसा वर उपटला जातो. कोबेत असे कित्येक खांब उपटलेले आढळले. म्हणून 2000 साली दोन्ही बाबतींत नियम कडक झाले. बळकट भिंती घराच्या चारही कडांना समतोल वाटलेल्या हव्यात, आणि कोणत्या खांबाला कोणती लोखंडी पट्टी किंवा पायात रोवलेला बोल्ट हवा, हेही ठरले.

या नियमांची परीक्षा एप्रिल 2016 मध्ये कुमामोतो प्रांतात झाली. माशिकी या गावाला 14 आणि 16 तारखेला असे दोन अतितीव्र धक्के बसले. पुढे गावाच्या मध्यभागातील लाकडी घरांची पाहणी झाली. 1981 पूर्वीच्या शंभर घरांमागे सुमारे 28 कोसळली होती. 1981 ते 2000 या काळातील सुमारे 9. आणि त्यानंतरची अवघी 2. त्या थोड्या नव्या घरांपैकी काहींची मोडतोड तपासली, तेव्हा तिरप्या दांड्या होत्या, पण सांधे नियमाप्रमाणे केलेले नव्हते.