वेण्णाकाठी फिरा, पण आधी ऊन येऊ द्या

नवीन वर्षाच्या स्वागताची गर्दी ओसरली की महाबळेश्वरचा बाजार सुस्तावतो. उन्हाळ्याच्या सुटीत वेण्णा तलावावर होडीसाठी रांगा लागतात. तिथेच जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी बऱ्याच होड्या काठाला बांधलेल्या दिसतात आणि घोडेवाले ऊन खात गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. मे महिना, दिवाळी आणि नाताळ हे इथले हंगाम. पावसाळ्यात तर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या डोंगरावर नौकाविहार बंदच असतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतले हे रिकामे आठवडे चालण्यासाठी, पक्षी पाहण्यासाठी आणि वल्ह्याच्या होडीतून निवांत फेरी मारण्यासाठी सर्वांत चांगले.

याच दिवसांत दरवर्षी एक बातमी येते : ‘वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले.’ सोबत गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर साचलेल्या पांढऱ्या थराचे छायाचित्र असते. ते पाहून पुण्या-मुंबईहून, साताऱ्याहून लोक रात्रीच निघतात आणि उजाडायच्या आत तलावावर पोहोचतात. गाडीतल्या उबेतून उतरून ते थेट झपाझप चालू लागतात. त्यात साठी ओलांडलेले असतात, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे असतात आणि दम्याचा पंप खिशात ठेवणारेही असतात. नेमक्या त्या वेळी आणि त्या जागी शरीरावर सर्वांत जास्त ताण येतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पान गोठते, पण तापमापक शून्यावर नसतो

साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळात, १८४२ च्या सुमारास बांधलेला हा तलाव सुमारे २८ एकरांचा आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि तलाव त्याच्या उंचवट्यांच्या तुलनेत खोलगट भागात. गावात पारा सात-आठ अंशांवर असतानाही तलावाकाठी दव गोठू शकते. याचे कारण जमिनीच्या थंड होण्यात आहे.

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडते. ढग असले तर त्यातली बरीच उष्णता परत येते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, तर ती निघून जाते. पाने, गवत आणि गाडीचा पत्रा यांच्यात उष्णतेचा साठा फारसा नसतो, म्हणून ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. वेधशाळेचा तापमापक मात्र जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. तो चार-पाच अंश दाखवत असताना गवताच्या पात्यावर शून्य अंश असू शकते.

दुसरे असे की, थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. तिथे तलावामुळे हवेत ओलावाही भरपूर. हा ओलावा पानांवर दवाच्या रूपाने उतरतो आणि गोठतो. तलावाचे पाणी मात्र गोठत नाही, कारण इतक्या पाण्यातली उष्णता एका रात्रीत संपत नाही. उलट ते हवेपेक्षा उबदार असल्याने पहाटे त्यावरून वाफा उठताना दिसतात.

हृदय आणि फुप्फुसांचा ताण

थंड हवा अंगाला लागताच त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली ऊब टिकवण्याचा तो शरीराचा मार्ग आहे. पण त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यातच पहाटेची वेळ असते. झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत रक्तदाब तसाही चढता असतो. या वेळेत हृदयविकाराचे झटके येण्याचे प्रमाण जास्त असते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यावर रात्रीचा प्रवास, अपुरी झोप आणि एकदम चढण चढणे याची भर पडते. १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. निरोगी माणसाला ते फारसे जाणवत नाही. आधीच कमजोर असलेल्या हृदयाला किंवा फुप्फुसांना जाणवू शकते.

दमेकऱ्यांची अडचण वेगळी आहे. जोरात चालताना आपण तोंडाने श्वास घेतो. थंड, कोरडी हवा नाकातून गरम आणि ओलसर न होता थेट आत जाते, श्वासनलिका आवळतात आणि छातीत घरघर सुरू होते. तलावाच्या खोलगट भागात आणखी एक गोष्ट घडते. खाली थंड आणि वर उबदार हवा असा थर तयार झाला की खालची हवा वर जाऊ शकत नाही. त्यामुळे काठावरच्या शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर तिथेच, नाकाच्या उंचीवर रेंगाळतो. जो थर पानांवर हिमकण सजवतो, तोच धूरही कोंडून ठेवतो.

मग फिरायचे कधी?

यावरचा उपाय सोपा आहे : हिमकण पाहायचे ते उभ्याने आणि चालायचे ते उन्हात.

जानेवारीत इथे सूर्य सात-सव्वासातला उगवतो. ऊन जमिनीवर पडून ती तापली, की थंड हवेचा थर विरू लागतो आणि धूर वर निघून जातो. साधारण नऊच्या सुमारास तलावाकाठची हवा चालण्याजोगी होते. दव पाहायला लवकर जायचेच असेल, तर कान, डोके, हात आणि पाय झाकावेत, नाका-तोंडावर मफलर गुंडाळावा आणि दहा-पंधरा मिनिटे संथपणे वावरून परत यावे. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. चालताना घाम आला की एकेक काढता येतो. घामाने ओले झालेले कपडे अंगावर राहिले तर शरीर झपाट्याने गार पडते.

नऊनंतर मात्र मनसोक्त चालावे. पहिली दहा मिनिटे हळू, मग वेग वाढवावा. बोलता येते पण गाता येत नाही, हा मध्यम व्यायामाचा योग्य वेग. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हंगामात गाड्यांनी तुंबणाऱ्या रस्त्यांवर या दिवसांत दोन सकाळींत त्यातला मोठा वाटा सहज पुरा होतो. जांभूळ-हिरड्याच्या झाडीत शिपाई बुलबुल हमखास दिसतो, नशीब असेल तर शेकरूही. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यावे. उंचीवर अतिनील किरणे वाढतात, म्हणून टोपी हवीच.

होडीत बसताना लाइफ जॅकेट टाळू नये, मग पोहता येत असले तरी. गार पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या क्षणी आपोआप जोराचा श्वास आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यात पाणी छातीत जाते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हा श्वास रोखता येत नाही.

बंद खोलीतला धोका

सर्वांत मोठी चूक दिवसा नव्हे, रात्री होते. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी खोलीत किंवा तंबूत आणली जाते आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. झोपलेल्याला तीही कळत नाहीत. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझरही तितकाच घातक. खोली घेताना एवढे पाहून घ्यावे आणि रात्री ब्लँकेट जास्त मागावे, शेगडी नव्हे. मद्याने ऊब येते हाही भ्रमच. त्याने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते.

प्रवास आहे म्हणून सकाळची रक्तदाबाची गोळी चुकवू नये. दमेकऱ्यांनी पंप बॅगेत नव्हे, खिशात ठेवावा. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून वेळ घालवू नये. थांबावे आणि १०८ वर फोन करावा.

एवढे सांभाळले, की रिकामा तलाव आपलाच. दहाच्या उन्हात काठावर बसून स्ट्रॉबेरी खाताना पहाटेचे हिमकण कधीच विरघळलेले असतात आणि समोर निवळलेल्या हवेत पलीकडचा काठ स्वच्छ दिसत असतो.