इथली भाजी विकायची नाही

भाद्रपदातली सकाळ, सहाचा सुमार. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून बायका भाजीचे भारे डोक्यावर घेऊन डोंगर चढायला निघतात. वर हॉटेलांना ताजी भाजी लागते आणि इथे मीठ-तेलाला पैसे लागतात. त्यामुळे कोवळी काकडी, भेंडी सगळी वर जाते आणि पोरांच्या ताटात उरतो भात-मिरची. म्हणून तर आमच्या वाडीतल्या बायकांनी अंगणवाडीमागे परसबाग धरली. नियम एकच : इथलं काही विकायचं नाही.

साडेसहाला मांडवाखाली. दुधी-शिराळ्याच्या पानांवर लाल भुंगे बसतात. ऊन तापण्याआधी ते सुस्त असतात, तेव्हाच वेचायचे. मग पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरायची. पाऊस आला की राख धुऊन जाते, पुन्हा टाकायची. उताराची लाल माती तर प्रत्येक सरीला खाली घसरते. वाफ्यांच्या कडेचे दगड रोज नीट लावावे लागतात. श्रावणात लाल माठ कुजला होता, तो आता नव्याने उगवलाय.

साडेआठला तोडणी आणि वाटे. पहिला वाटा अंगणवाडीच्या पातेल्यात. दुसरा गरोदर बायकांना आणि ज्या घरात पोर अशक्त आहे त्यांना. तिसरा एकट्या म्हाताऱ्यांना.

दहाला पोरं जमतात. मोजमापाचा दिवस असला की सेविकाताई एकेकाच्या दंडाला टेप गुंडाळतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर भरला तर तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. दोन वर्षांच्या पोरीच्या दंडावर ती पट्टी पिवळ्यात, म्हणजे मध्यमात, थांबलेली दिसली की पोटात कालवतं. तिच्या खिचडीत शेवग्याचा पाला जास्त पडतो, वर चमचाभर तेल.

बाराला जेवणं, मग भांडी.

तीनला वाटे घरोघरी. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही मोफत. या धान्याचा मोठाच आधार आहे. पण त्यात पालेभाजी नाही, आणि शेतातला नवा भात आश्विनाशिवाय घरात येत नाही. तोवर गाठीला पैसा नसतो. टोकाच्या घरातली आजी दारातच सांगते, “बाय, कवला शिराला दे गो, दात नाय.” तिच्यासाठी कोवळं आधीच बाजूला काढलेलं असतं. हे कुणाला उपकार वाटू नयेत म्हणून वाटा घरात नेऊन ठेवायचा. रांग लावायची नाही, फोटो काढायचा नाही. याबाबत आम्ही हट्टी आहोत.

पाचला बियाण्याची पाहणी. प्रत्येक वेलावर एक फळ जून व्हायला राखलेलं असतं. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, लेकरांसकट. मागे म्हातारी माणसं राहतात, पाणी घालायला हात नसतात. म्हणून तेव्हा वाल पेरायचा. जमिनीतल्या ओलीवर तो येतो.

माथेरानला येणार असाल तर एक करा. घरी धरलेलं गावठी बी असेल, माठ, भेंडी, दुधी, काहीही, ते मेअखेरीस नेरळ-कर्जतच्या बाजूच्या एखाद्या वाडीतल्या अंगणवाडीत द्या. मृगाच्या आधी पोचलं तर त्याच पावसात पेरता येतं.