शरीराचा पहारा आणि आपले मौन

सिरोंच्यात आमच्या घरांतून तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषा चालतात. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला की तिन्ही भाषा गप्प होतात. लाजेपोटी अम्मी सांगत नाही आणि मुलगी विचारत नाही.

या कर्करोगाचे मुख्य कारण एचपीव्ही हा विषाणू आहे. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना तो कधीतरी गाठतोच. त्यावरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे चूक आहे.

तो चोरपावलांनी येतो. पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही. म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना उशिरा सुगावा लागतो. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे दिसतात. ते ओळखून टी-पेशी त्या पेशीलाच नष्ट करतात. दहापैकी सुमारे नऊ जणींच्या शरीरात ही लढाई दोन वर्षांत जिंकली जाते. त्यांना पत्ताही लागत नाही. उरलेल्यांत विषाणू ठाण मांडतो आणि पेशींच्या वाढीचे लगाम सैल करतो. तरी कर्करोग व्हायला बहुधा १५-२० वर्षे लागतात.

हीच वर्षे आपल्या हातात आहेत. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या पुढाकाराने उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आला: ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली, त्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या बायका होत्या, आपल्यासारख्याच.

लस पहारेकऱ्यांना आधीच सावध करते, पण शिरलेल्या विषाणूला बाहेर काढत नाही. म्हणून ती ९ ते १४ या वयात उत्तम. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच.

गडचिरोली आपल्यापासून सुमारे २०० किलोमीटर. आजार वाढल्यावर तो रस्ता फार लांब वाटतो. त्याआधी गावातल्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना एवढेच विचारा, "तपासणी कधी आणि कुठे होते?" अम्मीला, खालालाही सोबत न्या.