समलिंगी विद्यार्थ्यांचे सोबती कोण होणार?

बाबासाहेबांनी १९३४ साली मुंबईत र. धों. कर्वे यांचा खटला लढवला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. 'समाजस्वास्थ्य' मासिकात कर्वे वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. सरकारने त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. सनातनी मंडळी कर्व्यांच्या नावाने बोटे मोडत असताना बाबासाहेब वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक विषयावरचे लेखन म्हणजे अश्लीलता नव्हे, लोक शंका विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण भूमिका हरली नाही.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. महाविद्यालयांतील समलिंगी व तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा विषय निघाला, की चळवळीतीलच काही कार्यकर्ते म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपल्यापुढे शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि शिक्षणाचे खासगीकरण हे प्रश्न आहेत. प्रश्न खरे आहेत. पण वसतिगृहात राहणाऱ्या, शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या आपल्याच पोरांपैकी कोणी समलिंगी असेल, तर तो कोणाकडे जाणार?

अमेरिकेतील विद्यापीठांत १९९० च्या दशकापासून यासाठी 'अ‍ॅलाय' उपक्रम चालतात. अ‍ॅलाय म्हणजे सोबती. प्राध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी काही तासांचे प्रशिक्षण घेतात आणि आपल्या दारावर एक खूण लावतात. या दारात आपल्याला हसणार नाहीत, हे त्या खुणेवरून विद्यार्थ्याला कळते. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत २०११ पासून 'साथी' नावाचा गट आहे.

सोबत्याचे काम साधे आहे, पण सोपे नाही. ऐकून घेणे हे पहिले काम. ऐकलेले कोणालाही न सांगणे, हे त्याहून महत्त्वाचे. घरी कळले तर मुलीचे शिक्षण बंद करून लग्न लावून देतात, मुलाला बुवा-बाबाकडे नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे, हे सोबत्याला माहीत असले पाहिजे. तृतीयपंथी विद्यार्थ्याला त्याने निवडलेल्या नावाने हाक मारणे, खोलीचा किंवा स्वच्छतागृहाचा प्रश्न घेऊन त्याच्याबरोबर रेक्टरकडे जाणे, छळ झाला तर लेखी तक्रार करायला मदत करणे, ही पुढची कामे. प्रशिक्षण न घेता नुसती खूण लावणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक आहे.

सोबती नसला की काय होते? मूळचे नागपूरचे मराठी कवी डॉ. रामचंद्र सिरस अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. विद्यापीठाने घुसणाऱ्यांऐवजी सिरसांनाच निलंबित केले. न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, पण काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत आढळले. एका प्राध्यापकाची ही गत, तर वस्तीतून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची काय होत असेल?

कायदा आता आडवा येत नाही. २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले, तेव्हा आधार घेतला तो संविधान सभेत बाबासाहेबांनी मांडलेल्या संवैधानिक नैतिकतेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगची व्याख्या वाढवली. तिच्यात एकाच वाक्यात जातही आहे आणि लैंगिक कलही आहे. 'रँक किती?' असे विचारून जात शोधणारे आणि चालण्या-बोलण्यावरून 'बायल्या' म्हणणारे बहुधा एकाच टोळक्यातले असतात. माणसाच्या जन्मजात ओळखीवरून त्याला खाली पाहायला लावणे, हा मनुवादाचा जुनाच धंदा आहे.

मात्र या गटांनाही आपण एक गोष्ट खडसावून सांगितली पाहिजे. इंग्रजी बोलणाऱ्या सवर्णांच्या बैठकीत दलित विद्यार्थी जात लपवतो आणि आंबेडकरी बैठकीत लैंगिकता लपवतो. २०१५ साली दिल्लीच्या प्राइड मोर्चात काही दलित तरुणांनी ही दुहेरी कोंडी उघडपणे मांडली. तामिळनाडूत अभियांत्रिकीला प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या तृतीयपंथी विद्यार्थिनी ग्रेस बानू याच जाणिवेतून समांतर आरक्षणाची मागणी करतात. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गात तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिले. महाराष्ट्रातही वंचित बहुजन आघाडीने २०१९ साली दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले होते. म्हणजे वाट नवी नाही.

तेव्हा आपल्या विद्यार्थी संघटनांनी एवढे तरी करावे. प्रत्येक वसतिगृहात दोन-तीन प्रशिक्षित सोबती असावेत आणि त्यांची नावे फलकावर लावावीत. रॅगिंगविरोधी समितीत हा विषय आपल्या प्रतिनिधीने मांडावा. आणि आपल्या बैठकांत 'बायल्या', 'छक्का' हे शब्द शिवी म्हणून वापरणे आजपासून थांबवावे. जातिवाचक शिवीची जखम काय असते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.