जिनिंगच्या फायलींत एआय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घाटंजीसारख्या कापसाच्या तालुक्यात कारखाना म्हटलं की आधी जिनिंग-प्रेसिंगच डोळ्यांपुढे येतं. यंत्र सुरू करण्याआधी काय तपासायचं, ओला कापूस आला तर काय करायचं, याच्या लेखी कार्यपद्धती, म्हणजे एसओपी, सांभाळायला आता एआय वापरता येतो. त्याबद्दलच्या काही समजुती मात्र धोक्याच्या आहेत.

गैरसमज : एआयला सांगितलं की एसओपी तयार.

मसुदा तयार होतो, आणि इतका सफाईदार की शंकाच येत नाही. एआयचं भाषा-मॉडेल पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, ते पाहून मजकूर रचतं. तुमच्या शेडमध्ये कोणतं यंत्र आहे, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. जिनिंगवरचं पुष्कळसं इंग्रजी लेखन अमेरिकेतल्या सॉ जिनबद्दल आहे. त्यात दातेरी चकत्या असतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डबल रोलर चालतात, म्हणजे चामडी रोलर आणि सुऱ्या. तिथल्या सूचना इथल्या कागदावर उतरल्या तर फिटरचा हात धोक्यात येईल. म्हणून यंत्राची पुस्तिका आणि जुन्या फिटरचं म्हणणं आधी मॉडेलला द्यावं, आणि मसुद्यावर सही जबाबदार माणसानेच करावी.

गैरसमज : सगळ्या फायली भरल्या की उत्तर बरोबरच येणार.

भिंतीवर जुनी प्रत, कपाटात सुधारलेली, मोबाइलमध्ये तिसरी. बऱ्याच कारखान्यांची गत हीच. एआय खरा उपयोगी पडतो तो इथे. समजा, एका कागदावर कापसातल्या ओलाव्याची मर्यादा 12 टक्के आहे आणि दुसऱ्यावर 10. ही विसंगती तो शोधून देईल. पण लागू कोणती, हे त्याने ठरवायचं नाही. भारतीय कापूस महामंडळ 12 टक्क्यांवरचा कापूस घेत नाही. कारखान्याने आपली मर्यादा त्याहून कडक ठेवली असेल, तर त्याचं कारण मालकालाच ठाऊक असतं. प्रत्येक उत्तरासोबत कागदाचं नाव, तारीख आणि कलम दिसलंच पाहिजे.

गैरसमज : भाषांतराचा प्रश्न सुटला.

मराठी-हिंदीत मसुदा बरा होतो. पण या भागात कोलामी, गोंडी आणि बंजारा बोलणारेही मजूर आहेत. कोलामीत लिहिलेला मजकूरच इतका थोडा आहे की तिथे एआयच्या भाषांतरावर विसंबू नये. सूचना बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावाव्यात, असं 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 108 मध्येच म्हटलं होतं. ज्याला वाचता येत नाही, त्याला यंत्रापाशी उभं राहूनच शिकवावं लागतं.

गैरसमज : आता भिंतीवर कागद नको, मोबाइलवर विचारता येईल.

कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा ठिणगी पाडतो. ती रुईबरोबर दाबली गेली, तर गाठ आतून कित्येक दिवस धुमसू शकते. अशी संशयित गाठ इतरांपासून दूर, उघड्यावर ठेवून तिच्यावर नजर ठेवावी लागते. आग दिसली त्या क्षणी मोबाइल चाळत बसायला कुणालाही वेळ नसतो. आगीचा कागद प्रेसजवळ मोठ्या अक्षरांत, तारखेसह लावलेलाच हवा. तो बदलला की आणखी कोणते कागद बदलावे लागतील, याची यादी मात्र एआयकडून जरूर काढून घ्यावी.